परदेशी संशोधन-निधीसाठी अर्ज : बडोद्यातल्या नव्या संशोधकांसाठी पायरीपायरीने

परदेशी फेलोशिपचा अर्ज करायचा ठरला की आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळ तीन गोष्टींवर जातो: सीव्हीची सजावट, स्टेटमेंट ऑफ पर्पजचं पहिलं वाक्य, आणि विद्यापीठाच्या ऑफिसातली सही. सहीचं काम खरंच वेळखाऊ आहे, त्याबद्दल पुढे लिहिलंय. पण निवड समितीसमोर अर्ज टिकतो तो एकाच प्रश्नाच्या उत्तरावर: हे काम, याच माणसाने, तिथे जाऊनच का करायचं? हे उत्तर पोर्टलवर लॉगइन केल्यावर सुचत नाही. ते तयार व्हायला सात-आठ महिने लागतात, आणि त्यातला बराचसा काळ वाचण्यात आणि पत्रव्यवहारात जातो.

पुढचं सगळं पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यात असलेल्यांसाठी आणि पीएचडी होऊन फार वर्षं न झालेल्यांसाठी आहे. तुम्ही सयाजीराव विद्यापीठात असा, शहरातल्या एखाद्या कॉलेजात शिकवत असा, किंवा सध्या कुठेच नोकरीला नसाल, तरी क्रम तोच राहतो.

आधी स्वतःचं घड्याळ बघा

‘अर्ली करिअर’ म्हणजे किती वर्षं, हे प्रत्येक फंडर, म्हणजे निधी देणारी संस्था, स्वतः ठरवतो. अमेरिकेला जाण्यासाठीची फुलब्राइट-नेहरू पोस्टडॉक्टरल फेलोशिप पीएचडी होऊन चार वर्षं उलटायच्या आत असलेल्यांसाठी आहे आणि ती ८ ते २४ महिन्यांची असते. अजून पीएचडी सुरू असेल तर त्यांचीच डॉक्टरल रिसर्च फेलोशिप आहे, ६ ते ९ महिन्यांची. जर्मनीच्या हम्बोल्ट फाउंडेशनची पोस्टडॉक फेलोशिपही पहिल्या चार वर्षांतल्यांसाठी, ६ ते २४ महिने. जपानच्या जेएसपीएस या विज्ञान-प्रोत्साहन संस्थेची स्टँडर्ड फेलोशिप सहा वर्षांपर्यंत चालते. युरोपियन युनियनची मेरी स्क्लोडोव्स्का-क्यूरी पोस्टडॉक्टरल फेलोशिप (पुढे नुसतं ‘मेरी क्यूरी’ म्हणतो) पीएचडीनंतर आठ वर्षांपर्यंतचा संशोधनाचा अनुभव चालवून घेते. संशोधनाबाहेर घालवलेली वर्षं आणि बाळंतपणासारखे खंड ती त्या आठांत धरत नाही. लग्न, मुलं, सासर-माहेरची आजारपणं यांत दोन-तीन वर्षं गेली म्हणून ‘आता माझं वय झालं’ असं ठरवून बसलेल्या मैत्रिणी आपल्या प्रत्येक डिपार्टमेंटमध्ये सापडतील. त्यांनी हा नियम स्वतः वाचावा.

मग प्रश्न येतो, पीएचडी नेमकी झाली कधी? व्हायवा (तोंडी परीक्षा) झाला त्या दिवशी, नोटिफिकेशन निघालं त्या दिवशी, की पदवीदान समारंभात? आपल्याकडे या तीन तारखांत कित्येक महिन्यांचं अंतर पडू शकतं. फंडरच्या नियमावलीत कोणती तारीख मोजतात ते शोधा आणि तीच तारीख ज्या कागदावर स्पष्ट छापलेली आहे तो कागद हाताशी ठेवा. पात्रतेच्या मुदतीच्या काठावर असलेल्यांसाठी हा फरक म्हणजे पात्र आणि अपात्र यांतला फरक असतो.

दुसरी अट राहण्याची. मेरी क्यूरीत, ज्या देशात जायचं त्या देशात डेडलाइनच्या आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं किंवा काम केलेलं चालत नाही. म्हणजे नुकतंच दीड वर्ष फ्रान्समध्ये काढलेल्याने फ्रान्सचा होस्ट (तिकडे आपल्याला सामावून घेणारा प्राध्यापक) शोधत बसू नये, स्पेन किंवा पोलंड बघावं. तिसरी अट भारताबद्दलची, आणि ती बारीक अक्षरात दडलेली असते. आरोग्य-संशोधनाला निधी देणाऱ्या ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टच्या अनेक योजना ‘निम्न व मध्यम उत्पन्नाच्या देशां’साठी खुल्या आहेत असं वरच्या ओळीत दिसतं, आणि त्याच वाक्यात कंसात भारत आणि मुख्य भूमीवरचा चीन वगळलेला असतो. तो कंस न वाचता महिनाभर प्रपोजल लिहिणारे लोक आहेत.

कोणत्या दारावर थाप मारायची

परदेशी निधी दोन तऱ्हांचा. एकात तुम्ही तिकडे जाता, दुसऱ्यात पैसा इकडे येतो आणि काम इथेच होतं. दोन्हींचे नियम, कागद आणि डोकेदुखी वेगळी, म्हणून हे पहिल्यांदा ठरवावं.

जायचं असेल आणि विषय जीवशास्त्राचा असेल, तर मेरी क्यूरी आणि हम्बोल्टबरोबर एम्बो (युरोपातली जीवशास्त्रज्ञांची संघटना) आणि ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅम ही दोन नावं यादीत हवीत. एम्बोचा भारत सहयोगी सदस्य आहे, त्यामुळे पोस्टडॉक फेलोशिपशिवाय त्यांच्या तीन महिन्यांपर्यंतच्या छोट्या एक्स्चेंज ग्रँटही बघण्यासारख्या आहेत. ह्यूमन फ्रंटियरला आधी एक छोटं इरादापत्र द्यावं लागतं, ते पसंत पडलं तरच पूर्ण अर्ज मागतात. पीएचडी करतानाच फ्रान्सला काही महिने जायचं असेल तर सेफिप्रा या भारत-फ्रान्स संशोधन केंद्राची रमण-शार्पाक फेलोशिप आहे. इतिहास, कला, वारसा-संवर्धन अशा विषयांना ब्रिटनसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट आहे. बडोद्याच्या फाइन आर्ट्सवाल्यांना हे नाव सांगायला नको, पण म्युझिऑलॉजी आणि संस्कृतवाले तिकडे फिरकतच नाहीत, ते का हे मला समजत नाही.

इथेच राहून काम करायचं असेल तर दोन उदाहरणं देतो. मानववंशशास्त्र किंवा त्या अंगाने पुरातत्त्व करणाऱ्यांसाठी वेनर-ग्रेन फाउंडेशनची पीएचडी फील्डवर्क ग्रँट आहे. अर्जदार कुठल्याही देशाचा चालतो. दुसरं, ब्रिटिश लायब्ररीचा एन्डेंजर्ड आर्काइव्हज प्रोग्रॅम. २००४ पासून तो धोक्यात असलेल्या जुन्या कागदपत्रांच्या डिजिटायझेशनला पैसे देतोय. मूळ कागद त्या देशाबाहेर न्यायचे नाहीत, फक्त डिजिटल प्रती जगासाठी खुल्या करायच्या, ही त्याची अट. बडोद्यात जुन्या घरांच्या माळ्यांवर मोडीतली दप्तरं आजही गाठोड्यांत बांधलेली आहेत आणि दर पावसाळ्यात त्यांतली थोडी जातात. हा निधी जणू त्यांच्यासाठीच आहे.

माझं मत विचाराल तर पहिला अर्ज लहान निधीसाठी करा. तीन महिन्यांची भेट मिळाली की होस्ट ओळखीचा होतो, एखादा संयुक्त पेपर निघतो, आणि दोन वर्षांच्या फेलोशिपला अर्ज करताना ‘आम्ही आधी एकत्र काम केलंय’ हे लिहिता येतं. थेट मोठ्यावर उडी मारून यशस्वी झालेलेही असतात, पण त्यांच्यामागे बहुतेक वेळा गाइडची जुनी ओळख असते. ती ज्याच्याकडे नाही त्याने तीन महिन्यांच्या भेटीतून ओळख कमवावी.

होस्ट : सगळ्यात जास्त वेळ इथे घाला

बहुतेक मोठ्या फेलोशिपना तिकडच्या प्राध्यापकाची लेखी संमती लागते. जेएसपीएसच्या खुल्या फेरीत तर अर्जच जपानमधला होस्ट दाखल करतो. म्हणजे तुम्ही अर्जदार असलात तरी पहिला परीक्षक होस्टच असतो.

नाव शोधायची सोपी रीत: तुमच्या थिसिसच्या संदर्भसूचीत जे परदेशी लेखक तीन-चारदा आलेत त्यांची यादी करा. त्यातले निवृत्त झालेले वगळा. उरलेल्यांची गेल्या तीन वर्षांतली प्रकाशनं वाचा, कारण दहा वर्षांपूर्वी त्या विषयावर लिहिणारा माणूस आज भलतंच काही करत असतो. फार मोठ्या नावांऐवजी नुकतीच स्वतःची लॅब किंवा ग्रुप उभा करणाऱ्यांकडे बघा. त्यांना माणसं हवी असतात आणि ते मेलला उत्तरही देतात.

मग मेल. आपल्या मेलांची सुरुवात अजूनही ‘रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट’ अशी होते, आणि समोर बऱ्याचदा बाई असतात. तो मेल तिथेच संपतो. आडनावाआधी प्रोफेसर किंवा डॉक्टर लावा, पुढे लगेच कामाचं बोला. पहिल्या दोन ओळींत तुम्ही कोण, कुठे, आणि कोणत्या योजनेच्या कोणत्या तारखेसाठी लिहिताय ते यावं. पुढच्या परिच्छेदात त्यांच्या एका विशिष्ट पेपरमधला एक विशिष्ट निष्कर्ष घ्या आणि तुमच्याकडचा पुरावा त्याला कुठे पुढे नेतो किंवा कुठे छेद देतो ते सांगा. छेद देणारा मुद्दा असेल तर बिचकू नका. ‘तुमचं काम वाचून मी भारावून गेलो’ याला उत्तर येत नाही. ‘तुमचा हा निष्कर्ष आमच्या मध्य गुजरातच्या नमुन्यांत दिसत नाही’ याला हमखास येतं. शेवटी नेमकं मागणं: वीस मिनिटांचा ऑनलाइन कॉल मिळेल का? सोबत दोन पानी सीव्ही आणि एक पानी कल्पना, बस. थिसिसची पीडीएफ पाठवू नका.

दोन आठवडे उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, त्यानंतर पुढच्या नावाकडे वळा. एकाच डिपार्टमेंटमधल्या पाच जणांना एकच मेल पाठवला तर ते चहाच्या वेळी एकमेकांना दाखवतात, हे धरून चाला.

वेळेचं एक गणित लक्षात असू द्या. मेरी क्यूरीची डेडलाइन सहसा सप्टेंबरात असते आणि युरोपातले प्राध्यापक ऑगस्टभर सुट्टीवर असतात. शिवाय बरीच युरोपियन विद्यापीठं वसंत ऋतूतच आपले अंतर्गत कॉल काढून कोणाला होस्ट करायचं ते ठरवून टाकतात. म्हणून होस्टला पहिला मेल फेब्रुवारी-मार्चमध्ये जायला हवा. जुलैत मेल पाठवणाऱ्याला ‘पुढच्या वर्षी बघू’ असं नम्र उत्तर मिळतं, आणि ते खरंच नम्र नकाराचं असतं.

प्रश्न कसा मांडायचा

इथे आपण स्वतःचं सगळ्यात जास्त नुकसान करतो. बडोद्यातून लिहिलेली बरीच प्रपोजलं अशी वाचली जातात की ती हैदराबादहून किंवा हेलसिंकीहून आली असती तरी फरक पडला नसता. ‘हवामानबदल हे आज मानवजातीपुढचं मोठं आव्हान आहे’ अशी सुरुवात केली की परीक्षक दुसऱ्या परिच्छेदावर उडी मारतो.

तुमच्याजवळ काय आहे जे त्यांच्याजवळ नाही? विश्वामित्रीचं उदाहरण घ्या. दाट वस्तीच्या शहराच्या मधून जाणाऱ्या नदीत मगरी राहतात, २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या सोसायट्यांच्या आवारात आल्या. माणूस आणि मोठा शिकारी प्राणी इतके जवळजवळ राहतात अशी ठिकाणं जगात मोजकी आहेत. प्राणिशास्त्रातल्या मुलीने प्रपोजल तिथून सुरू केलं, आणि होस्टकडे प्राण्यांच्या हालचालींचं मॉडेल बनवायचं तंत्र आहे ते शिकायला मी येतेय असं म्हटलं, तर ‘तिथे जाऊनच का’ याचं उत्तर दोन वाक्यांत मिळतं. साहित्य इथलं, तंत्र तिथलं, प्रश्न दोघांचा. प्राच्यविद्या मंदिरातल्या हस्तलिखितांवर काम करणाऱ्याला, नंदेसरीच्या औद्योगिक पट्ट्यातल्या पाण्यावर काम करणाऱ्याला, बागसऱ्यासारख्या हडप्पा-स्थळावरच्या शंखकामाच्या अवशेषांवर काम करणाऱ्यालाही असंच लिहिता येतं.

फक्त स्थानिक तपशील म्हणजे स्थानिक महत्त्व एवढ्यावर थांबू नका. बडोद्याची मगर बडोद्यापुरती राहिली तर परदेशी करदात्याने पैसे का द्यावेत? तिच्यातून शहरी नद्यांबद्दल, पूररेषेबद्दल, सहवासाबद्दल दुसरीकडे लागू पडणारं काय कळेल, ते एका परिच्छेदात यायला हवं.

पानापानाने लिहिणं

मेरी क्यूरीत मुख्य प्रपोजल १० पानांत बसवावं लागतं आणि गुणांची वाटणी उघड आहे: शास्त्रीय दर्जा ५० टक्के, परिणाम ३० टक्के, अंमलबजावणी २० टक्के. आपले लोक साडेसहा पानं शास्त्रीय पार्श्वभूमीवर घालवतात आणि अंमलबजावणी शेवटच्या पाऊण पानात कोंबतात. पानं गुणांच्या प्रमाणात वाटा. योजना दुसरी असली तरी तिचे निकष आधी एका कागदावर लिहून काढा आणि तुमचा प्रत्येक परिच्छेद कोणत्या निकषाला उत्तर देतो ते मार्जिनमध्ये टिपा. ज्याला निकष सापडत नाही तो परिच्छेद काढून टाका, मग तो कितीही सुंदर लिहिलेला असो.

लिट्रेचर रिव्ह्यू दहा-बारा ओळींच्या वर नको. पद्धत मात्र सविस्तर हवी: किती नमुने, कुठून, कोणतं उपकरण, ते होस्टकडे आहे का, तुम्हाला वापरता येतं का, येत नसेल तर किती आठवड्यांत शिकाल. महिनावार तक्ता काढा. त्यात पहिले दोन महिने घर, बँक, आणि लॅबच्या सुरक्षा-प्रशिक्षणात जातात हे धरा. पहिल्याच महिन्यात निष्कर्ष दाखवणारा तक्ता अनुभवी परीक्षकाला लगेच खटकतो.

धोक्यांबद्दलचा भाग तर आपण बहुतेक वेळा टाळतोच. परीक्षेत उत्तर येत नसलं तरी आत्मविश्वासाने लिहायचं, या सवयीत आपण वाढलोय. प्रपोजलमध्ये उलट चालतं. ‘परवानगी उशिरा आली तर?’, ‘नमुन्यांतून डीएनए मिळाला नाही तर?’, ‘दप्तरातली पानं वाचता न येण्याइतकी खराब निघाली तर?’ असे दोन-तीन खरे धोके लिहा आणि प्रत्येकासमोर दुसरा मार्ग मांडा. परीक्षकाला त्यातून कळतं की या माणसाने हे काम मनात एकदा करून पाहिलंय.

चॅटजीपीटीबद्दल थोडक्यात. व्याकरण सुधारून घ्यायला हरकत नाही, फंडरने वापर जाहीर करायला सांगितलं असेल तर करा. पण अख्खा मजकूर त्याच्याकडून आला की दहातल्या सात अर्जांसारखाच तुमचाही होतो, आणि अप्रकाशित कल्पना कुठेतरी पेस्ट करण्याआधी गाइडशी बोललेलं बरं.

मसुदा झाला की दोघांना वाचायला द्या: एक विषयातला, एक पूर्ण बाहेरचा. भौतिकशास्त्रातल्या मुलाने इतिहासातल्या मित्राला द्यावा. त्याला पहिलं पान वाचून तुमचा प्रश्न सांगता आला नाही, तर निवड समितीतल्या निम्म्या लोकांनाही येणार नाही.

रेको, म्हणजे शिफारसपत्रं

‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ हे वाक्य ऐकलं नाही असा संशोधक आपल्याकडे विरळा. त्यात सरांचा आळस कमी आणि वेळेची ओढाताण जास्त असते. पण तुम्हीच लिहिलेली तीन पत्रं एकाच हाताची वाटतात, आणि समिती ती शेजारी-शेजारी ठेवून वाचते. मधला मार्ग असा: सरांना किंवा मॅडमना एक पानी टिपण द्या. त्यात तुम्ही त्यांच्याबरोबर कोणतं काम केलंत, कुठे अडलात आणि काय वेगळं केलंत, या फेलोशिपचे निकष काय, डेडलाइन कधी, एवढं असावं. मग पत्र त्यांच्या भाषेत उतरतं. ‘हार्डवर्किंग, सिन्सियर, ओबीडियंट’ यातला शेवटचा शब्द तर परदेशी समितीला बुचकळ्यात टाकतो. संशोधक आज्ञाधारक असण्यात त्यांना गुण दिसत नाही.

पत्र बहुतेक वेळा लिंकवरून थेट अपलोड होतं, आणि काही पोर्टल संस्थेचाच ईमेल पत्ता मागतात. आपल्याकडचे बरेच ज्येष्ठ प्राध्यापक जीमेल वापरतात. विद्यापीठाच्या पत्त्याचा पासवर्ड आठवतो का, हे त्यांना डेडलाइनच्या महिनाभर आधी विचारा. हसू नका, इथे अर्ज अडकलेले आहेत. तिघांपैकी निदान एक पत्र तुमच्या संस्थेबाहेरच्याचं असेल तर वजन वाढतं.

नावं, कागद आणि नवरात्र

गुजरातेतल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळा क्रम, पेपरवर नुसती आद्याक्षरं, आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर आणखी एक. परदेशी पोर्टलला ही तीन वेगळी माणसं वाटतात. पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं सगळीकडे वापरा, फरक असेल तिथे नोटरीचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा, आणि ऑर्किड (ORCID) या संशोधकांच्या ओळख-नोंदणीवर सोळा अंकी क्रमांक काढून सगळी प्रकाशनं त्याखाली आणा. तो फुकट आहे आणि पंधरा मिनिटांचं काम आहे. पासपोर्टची मुदत फेलोशिप संपेपर्यंत पुरत नसेल तर आत्ताच नूतनीकरणाला टाका.

सह्यांसाठी उलटं कॅलेंडर मांडा. वेनर-ग्रेनची एक डेडलाइन १ नोव्हेंबरच्या आसपास येते. त्याआधीचे पाच-सहा आठवडे म्हणजे बडोद्यात नवरात्र, दसरा आणि बऱ्याच वर्षी दिवाळीही. गरब्याच्या नऊ रात्रींत ऑफिसात माणूस असतो, पण सही करणारा असेलच असं नाही, आणि दिवाळीच्या सुट्टीत तर कुलूपच. हेडची शिफारस, डीनची शिफारस, रजिस्ट्रारची एनओसी असा प्रवास असेल तर फाइल ऑगस्टच्या शेवटी निघाली पाहिजे. नोकरीत असाल तर रजेचा अर्ज वेगळा लावा. निधी मिळेल की नाही हे ठाऊक नसताना रजा कशी मागायची, हा प्रश्न सगळेच विचारतात. ‘निवड झाल्यास’ असं स्पष्ट लिहून तत्त्वतः मंजुरी मागायची.

वेळेचा फरकही मोजून ठेवा. ब्रुसेल्सचे संध्याकाळचे ५ म्हणजे सप्टेंबरात आपले रात्रीचे साडेआठ. तरीही शेवटच्या दिवशी दुपारी सबमिट करून मोकळं व्हावं. बहुतेक पोर्टल डेडलाइनपर्यंत पुन्हा नवी प्रत चढवू देतात.

पैसा इकडे येणार असेल तर

फेलोशिपचा स्टायपेंड तुमच्या नावावर तिकडेच मिळत असेल तर हा भाग फारसा लागू नाही. पण प्रकल्पाचा निधी भारतातल्या संस्थेत यायचा असेल तर एफसीआरए, म्हणजे परकीय योगदानाचा २०१० चा कायदा, समजून घ्या. नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच तो पैसा घेता येतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो. त्याच दुरुस्तीने असा पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवायला बंदी आली आणि प्रशासकीय खर्चावर २० टक्क्यांची मर्यादा आली. म्हणजे ‘निधी आमच्या ट्रस्टकडे येईल, आम्ही तुमच्या कॉलेजला देऊ’ असं बजेट आता चालत नाही. कायद्याने स्थापन झालेल्या आणि कॅगचं सक्तीचं ऑडिट असलेल्या संस्थांना या कायद्यातून सूट आहे. तुमची संस्था त्यात बसते का, हे अकाउंट्सकडून तोंडी ऐकून घेऊ नका, लेखी घ्या. बजेट लिहितानाच फंडर संस्थेचा ओव्हरहेड (वीज, जागा, ऑफिस असा वरखर्च) देतो का तेही पाहा. देत नसेल आणि संस्था आग्रह धरत असेल तर तो वाद अर्जाआधीच मिटलेला बरा.

परवानग्यांचं दुसरं जंगल विषयानुसार. आरोग्यविषयक संशोधनात परदेशी निधी किंवा भागीदार असला की आयसीएमआरमार्फत चालणाऱ्या आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी लागते. जैविक नमुने बाहेर पाठवायचे तर चेन्नईचं राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण येतं. आपली मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आणि साइट्स (CITES) या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्यामुळे तिच्या रक्ताचा थेंबही परवानगीशिवाय देशाबाहेर जाऊ शकत नाही. प्रपोजल असं रचा की नमुन्यांचं काम इथे होईल आणि तिकडे डेटा जाईल. जुनी हस्तलिखितं ७५ वर्षांची झाली की १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकतात, म्हणून ती सुटकेसमध्ये घालून ‘होस्टला दाखवायला’ नेण्याचा विचारही करू नये.

करार वाचा

परदेशी शिक्षणाच्या पैशाला अटी असतात हे बडोद्याला नवीन नाही. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षं महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तेव्हा बदल्यात दहा वर्षं संस्थानची सेवा करण्याचा करार लिहून घेतला होता. आजच्या अटी सौम्य आहेत, पण आहेत. फुलब्राइटवर गेलेल्यांना परत येऊन दोन वर्षं मायदेशात काढल्याशिवाय अमेरिकेच्या काही व्हिसांचे दरवाजे उघडत नाहीत. तिकडेच स्थिरावायचा विचार मनात असेल तर हे आधीच तोलून पाहा. इकडे नोकरी असेल तर अभ्यासरजेचा बाँड, पगार चालू राहतो की नाही, आणि किती वर्षं परत शिकवावं लागेल, हे तपासा. दोन करारांच्या अटी एकमेकांना छेदत असतील तर ते सही करण्याआधी कळलं पाहिजे.

मुलाखत आणि नकार

मुलाखत असेल तर बहुधा ऑनलाइन, अर्ध्या तासाच्या आत. पाच मिनिटांत काम सांगायचा सराव करा. पॅनेलमधला कोणीतरी विषयाबाहेरचा असतो आणि तोच सगळ्यात साधा, म्हणून सगळ्यात अवघड प्रश्न विचारतो. माहीत नसेल तर ‘हे मी तपासलेलं नाही, पण असं तपासेन’ म्हणा.

नकार बहुतेकांना येतो. मेरी क्यूरीत नकाराबरोबर परीक्षकांचा लेखी अहवाल मिळतो आणि तो फुकटात मिळालेल्या सल्ल्यासारखा वापरावा. दोन-तीन दिवस तो उघडू नका, मग होस्टबरोबर बसून प्रत्येक उणिवेसमोर बदल लिहा. पण ठरावीक गुणांच्या खाली गेलेल्या अर्जाला पुढच्या वर्षी त्याच होस्टबरोबर पुन्हा येता येत नाही, म्हणून ‘अनुभवासाठी टाकून बघू’ हा सल्ला तिथे महाग पडतो. हम्बोल्टला ठरलेली डेडलाइनच नाही, वर्षभर केव्हाही अर्ज देता येतो. तेव्हा घाईने अर्धवट तयार केलेला अर्ज तिथे टाकण्यात काहीच हशील नाही.

निवड झाल्यावरचा पहिला महिना

निवडीचं पत्र आलं की व्हिसाची अपॉइंटमेंट लगेच बघा. अहमदाबाद किंवा मुंबईची फेरी पडते आणि उन्हाळ्यात स्लॉट पटापट भरतात. पैशाचं गणित मात्र लोक विसरतात. स्टायपेंड तिकडच्या बँकेत येतो, बँक खात्याला पत्ता लागतो, पत्त्याला घर लागतं, आणि घराला आधी डिपॉझिट. जर्मनीत ते तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकतं. म्हणून विमानाच्या तिकिटाशिवाय निदान दीड-दोन महिन्यांचा खर्च फॉरेक्स कार्डावर घेऊन जा, आणि निघण्याआधी होस्टच्या सेक्रेटरीला दोन गोष्टी विचारा: विद्यापीठाच्या गेस्टहाउसमध्ये पहिले चार आठवडे खोली मिळेल का, आणि पहिला हप्ता पोहोचण्याआधी पाठवायची सोय आहे का. पुष्कळ ठिकाणी ती असते, पण मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही.